मागच्या सीटवरून दिसणाऱ्या माना

माझा धंदा केस कापण्याचा. उभी हयात लोकांच्या पाठीमागे उभं राहण्यात गेली. त्यामुळे बसमध्ये चढलो की पाय आपोआप शेवटच्या सीटकडे वळतात. तिथून सगळ्यांच्या माना दिसतात. माणूस तोंड आरशात बघून नीट करतो, पण मान त्याची त्याला दिसत नाही. ती दुसऱ्या कुणीतरी करावी लागते. म्हणून एखाद्याच्या घरात कसं काय चाललंय हे मला तोंडापेक्षा मानेवरून लवकर कळतं. निदान माझी तशी समजूत होती.

माझी बायको गेली त्याला वर्ष होत आलं होतं. मुलगी या परक्या शहरात नोकरी करते. तिने मला इकडे आणलं. दुकान मी भाच्याच्या हवाली केलं. परतीचं तिकीट महिनाअखेरचं होतं आणि मुलीचं म्हणणं, ते रद्द करू, बाबा, आता इथंच राहा. मी हो म्हणत नव्हतो आणि नाहीही म्हणत नव्हतो. मनातून मात्र जायचंच ठरवलं होतं. तिकडच्या घरात ही नव्हती, ते खरं. पण इकडे मी असून नसल्यासारखा होतो. सकाळी मुलगी, जावईबापू आणि नात आपापल्या वाटेने जायची आणि मी संध्याकाळपर्यंत बंद टीव्हीसमोर बसायचो. कुणाला माझ्याकडून काही नको होतं. सगळे फक्त माझी काळजी घ्यायचे. नुसती काळजी घेतली की माणूस लवकर म्हातारा होतो.

बसचं जावईबापूंनी सुचवलं.

"बाबा, घरात बसून राहण्यापेक्षा बसने फिरून या. म्हाताऱ्यांना पास फुकट आहे."

"म्हाताऱ्यांना काय, ज्येष्ठांना म्हणा," मुलगी म्हणाली.

"फुकट मिळत असेल तर मी म्हातारा," मी म्हणालो.

शिकवलं नातीने. थांब्यावर हात करायचा, पुढच्या दाराने चढायचं, पास यंत्राला टेकवायचा, आवाज आला की आत जायचं. उतरायचं असेल तेव्हा दांड्यावरचं लाल बटण. "आणि आजोबा, बटण एकदाच दाबायचं. तुम्ही दाबतच राहता."

इथल्या पाट्या मला वाचता येत नाहीत. म्हणून मी एकच बस धरली, जिचा थांबा घरासमोर आहे. शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं आणि त्याच बसने परत यायचं. हरवायला जागाच नाही. दुपारच्या पाळीला एक बाई गाडी चालवते, घट्ट अंबाडा घातलेली. शेवटच्या थांब्यावर गाडी रिकामी करायचा नियम आहे. पहिल्या दिवशी तिने मला खुणेने उतरवलं, गाडी वळवून आणली, दार उघडलं तर समोर पुन्हा मीच. तिने कपाळाला हात लावला. आता उतरवत नाही. आरशातून नुसती भुवई उडवते.

मला बस आवडायला लागली. थांब्याला आली की ती सुस्कारा सोडून एका बाजूला खाली होते, म्हाताऱ्यांना पाय फार उचलायला लागू नये म्हणून. दुपारी आत ऊन येतं. लोक एकमेकांशी बोलत नाहीत, पण बाबागाडी घेऊन कुणी बाई चढली की न सांगता उठून जागा करतात. मी माझ्या कोपऱ्यात बसून माना बघायचो. एका पोराने नुकतेच केस कापून घेतले होते, कानामागची कातडी अजून पांढरी होती. कापणाऱ्याने एका बाजूला मशीन जास्त वर नेलं होतं आणि दुसरी बाजू जुळवताना तो पुरता फसला होता. एका बाईने घरीच रंग लावला होता आणि मानेवर त्याचा डाग राहिला होता. म्हणजे घरात सांगणारं कुणी नाही, किंवा आहे पण बोलणं बंद आहे. असले तर्क करता करता दुपार निघून जायची.

त्या बसमध्ये एक कोटवाले होते. माझ्याच वयाचे, उंच, अंगात कायम राखाडी कोट. बाजाराजवळ चढायचे आणि माझ्या पुढच्या सीटवर बसायचे. त्यांची मान पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी मनात म्हटलं, वा. घरचं काम होतं ते. दुकानात केलेल्या मानेला घाई असते. ही सावकाश केलेली होती. खालची रेघ एका बाजूला किंचित उतरती, म्हणजे करणाराचा हात डावखुरा. आणि करणारी बायकोच. पोरगा बापाची मान इतक्या निगुतीने करत नाही.

हे मला कळायला कारण आहे. लोकांचे केस कापणाऱ्यालासुद्धा स्वतःची मान करता येत नाही. लग्नानंतर मी हिला शिकवलं. पहिल्यांदा वस्तरा हातात घेतला तेव्हा ही म्हणाली, "आपलं भांडण वगैरे झालेलं नाही ना? आधी आठवून सांगा." पुढे सगळी वर्षं माझी मान हिनेच केली. स्वयंपाकघरात मला स्टुलावर बसवायची, टॉवेल गळ्यात खोचायची आणि एका बोटाने कानाची पाळी पुढे दुमडून धरायची. दुकानात माझ्या हाताखाली कारागीर होते, पण त्यांना मी कधी मान दिली नाही. ती गेल्यावरही नाही. भाचा म्हणाला, "मामा, बसा, मी करतो." मी म्हणालो, राहू दे.

तर कोटवाल्यांची मान वाढायला लागली. आधी रेघ पुसट झाली, मग दिसेनाशी झाली, मग केस कॉलरवर आले. कॉलरलाही इस्त्री राहिली नाही. हातातल्या पिशवीतून तयार जेवणाची पाकिटं डोकावायला लागली. खिडकीला टेकून एवढा मोठा श्वास सोडायचे की काचेवर वाफ धरायची. मला आणखी काही कळायचं राहिलं नव्हतं.

संध्याकाळी जेवताना मी म्हणालो, "त्या कोटवाल्यांची बायको गेली."

"कोण कोटवाले? तुम्ही बोललात त्यांच्याशी?" मुलीने विचारलं.

"बोललो नाही. मान बघितली."

तिने हातातला चमचा खाली ठेवला. "बाबा, मान बघून कुणाची बायको मारू नका हो."

"माझी मान काय म्हणते?" जावईबापू.

"तुम्ही ऑफिसजवळच्या दुकानात जाता. तिथला माणूस कापताना फोनवर बोलतो."

जावईबापूंचा हात मानेवर गेला. "अरेच्चा! बोलतो खरं."

"आणि आजोबा, तुमची?" नात खुर्चीवरून उतरून माझ्या मागे आली. "अगं आई, इथं तर जंगल झालंय!"

मुलगीही उठून मागे आली आणि म्हणाली, "मी करू का, बाबा? यांचं मशीन आहे घरात."

"राहू दे," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी माझी सीट सोडली आणि कोटवाल्यांच्या शेजारी जाऊन बसलो. भाषेची तर बोंबच होती. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी दचकून बघितलं. मी त्यांच्या बोटातल्या अंगठीकडे खूण केली आणि विचारल्यासारखी मान हलवली. त्यांनी अंगठी दोनदा फिरवली, सुस्कारा टाकला आणि हात वर नेऊन धप्पकन मांडीवर सोडला. डोळ्यांत पाणी आलं.

"माझीही गेली," मी मराठीतच म्हणालो. "सवय होत नाही. पण दिवस निघतो."

शब्द कळले नसतील, पण त्यांनी माझा हात दाबला. मग मी दोन बोटांची कात्री करून त्यांच्या मानेकडे दाखवली आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवला. कोटवाल्यांनी वाकून आधी माझी मान पाहिली. धंद्याची जाहिरात काही बरी नव्हती. तरी ते हसले आणि उद्या, अशी खूण केली.

हत्यारांची पिशवी मी येताना बरोबर आणली होती. का आणली ते सांगता येणार नाही. ही गेल्यावर मी दुकानात उभा राहून पाहिलं होतं. हात चालत नव्हता. कात्री मधेच थांबायची आणि गिऱ्हाईक आरशातून माझ्याकडे बघत बसायचं. म्हणून तर दुकान भाच्याला दिलं होतं. त्या संध्याकाळी पिशवी उघडून कात्री पुसली, वस्तऱ्याला नवं पातं घातलं. जमलं तर जमलं. नाही जमलं तर तिकीट होतंच.

दुसऱ्या दिवशी कोटवाल्यांबरोबर मधल्याच थांब्यावर उतरलो. अंबाडेवाली काचेआडून काहीतरी विचारायला लागली, चेहऱ्यावर काळजी. मी पिशवी उंच करून दाखवली. अनोळखी माणसाबरोबर कुठंही जायचं नाही, असं मुलीने मला बजावलं होतं. नातीलाही ती हेच सांगते.

जिना चढताना मी मनाची तयारी करत होतो. रिकामं घर कसं असतं ते मला ठाऊक आहे. ओट्यावर एकच कप, पलंगावर एकच उशी चुरगळलेली. ठरवलं होतं की आधी तिच्या फोटोसमोर जरा उभं राहायचं आणि मगच पिशवी उघडायची.

दार एका बाईने उघडलं. पांढरे केस, जाड चष्मा, डावा हात कोपराच्या वरपर्यंत प्लास्टरमध्ये. तिने कोटवाल्यांच्या बुटांकडे बघितलं आणि तोंड सोडलं. मला एक शब्द कळला नाही, पण तो सूर मी इतकी वर्षं ऐकला होता. बहीण त्या सुरात बोलत नाही. शेजारीण तर नाहीच. कोटवाले मुकाट बाहेर जाऊन बूट पुसून आले.

माझ्या हातून पिशवी पडली. बाईने मला धरून स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. मी मुलीला फोन लावला.

"बाबा? काय झालं? कुठं आहात?"

"कोटवाल्यांच्या घरी."

"कुणाच्या घरी? बाबा, मी तुम्हाला सांगितलं होतं की नाही..."

"ओरडू नकोस. जरा यांच्याशी बोल. यांची बायको जिवंत आहे."

"मग चांगलंच आहे ना!"

"चांगलं आहे गं, पण मी सांत्वनाला आलोय."

फोन टेबलाच्या मधोमध ठेवला. मुलगी आणि बाई बराच वेळ बोलल्या. मग मुलगी म्हणाली, "त्या विचारताहेत, मला बघून हे एवढे का घाबरले?"

"सांग, ऊन लागलं."

"बाबा."

"बरं, खरं सांग. पण गोड करून सांग."

"हे गोड करून कसं सांगतात?"

तिने सांगितलं. बाईने नवऱ्याकडे बघितलं आणि मग अशी हसत सुटली की प्लास्टरचा हात दुसऱ्या हाताने सावरावा लागला. कोटवाले लालेलाल झाले. हातवारे करून काहीतरी सांगायला लागले, वरच्या कपाटाकडे बोट, मग स्टुलाकडे, मग जमिनीकडे.

"बाबा, त्या डबा काढताना स्टुलावरून पडल्या. ते तुम्हाला तेवढंच सांगत होते."

"मग पडल्याचं सांगताना रडायचं कशाला?"

मुलीने ते विचारलं. उत्तर बाईनेच दिलं.

"त्या म्हणतात, सध्या स्वतःच्या हातचं जेवतोय ना, म्हणून."

कोटवाल्यांनी स्वतःच खुर्ची उजेडात ओढली आणि टॉवेल गळ्यात खोचून बसले. मी कात्री घेतली. हात थांबेल की काय ही धास्ती होती, पण त्या बाईने थांबायला सवडच दिली नाही. ती समोर कमरेवर हात ठेवून उभी आणि फोनमधून मुलगी.

"बाबा, त्या म्हणतात कानामागे अजून थोडं. बाबा, त्या म्हणतात एवढं नको, त्यांना सर्दी होते. बाबा, मला मीटिंग आहे हो."

"मीटिंगला सांग, वस्तरा मानेवर आहे."

खालची रेघ मी सरळ घेतली. बाईने जीभ टाळूला लावून नापसंतीचा आवाज काढला आणि बोट तिरकं धरून दाखवलं. "त्या म्हणतात, सरळ नाही. त्यांची इकडे उतरती असते." माझ्या मते सरळच शोभली असती. पण ती मान माझी नव्हती. मी रेघ उतरती केली.

मी ब्रशने केस झाडत असताना बाई फिरून माझ्या मागे आली. काहीतरी छोटंसं बोलली.

"काय म्हणाल्या?"

"विचारताहेत, तुमची मान कोण करतं."

"सांग, होती करणारी."

मुलीने सांगितलं. बाईने एका हाताने चहा ओतला, थोडा बशीत सांडला, आणि मी तो पिऊन होईपर्यंत माझ्या समोर बसून राहिली.

परतताना बसमध्ये मला वाईट वाटलं. बाई जिवंत आहे म्हणून आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण आधी हेवा वाटला. खोटं कशाला बोलू? बूट पुसून या म्हणणारी त्यांच्या घरात होती. मला वाटलं होतं या बसमध्ये माझ्यासारखाच आणखी एक जण आहे, आणि तो नव्हता. पुढच्या थांब्याला एक आई आणि तिची लेक चढल्या. लेकीच्या दोन वेण्या, एक वर, एक खाली. आईला उशीर झाला असणार. त्या वेण्यांकडे बघत घर आलं. उतरताना अंबाडेवालीने भुवई उडवली, मी पिशवी हलवून दाखवली.

संध्याकाळी मुलीने त्या घराचं नाव काढलं नाही. कामं आटोपली आणि टॉवेल घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. नुसती उभी. मी खुर्चीत वळून बसलो.

तिने कधी कुणाची मान केली नव्हती. मशीन धरायचं कसं हेही मी सांगितलं. पण कानापाशी आली तेव्हा तिने एका बोटाने पाळी पुढे दुमडून धरली. ते मी सांगितलं नव्हतं. लहानपणी स्वयंपाकघरात बसून अभ्यास करता करता तिने किती वेळा आईला बघितलं असेल कुणास ठाऊक.

"दुखतंय का, बाबा?"

"नाही."

"मग खांदे का हलताहेत?"

"गुदगुल्या होतात," मी म्हणालो. तिने मशीन चालू ठेवलं. नात समोर उभी राहून जंगल पडताना बघत होती.

काम जेमतेमच झालं होतं. मागून नातीने फोटो काढून दाखवला. एका बाजूला मशीन वर गेलेलं आणि दुसरी बाजू जुळवताना पोरगी फसलेली. मी म्हणालो, छान झालंय. जावईबापू म्हणाले, "बाबा, हे तुम्ही म्हणताय?" मुलीने त्यांना टॉवेल फेकून मारला.

तिकिटाचं मग मीच काढलं. "ते रद्द होतं का बघ," मी म्हणालो.

तिने एकदम वर बघितलं नाही. मशीनचं पातं पुसत राहिली. "कधीपर्यंत, बाबा?"

"रद्द म्हणजे रद्द. त्यात कधीपर्यंत कसलं?"

कोटवाल्यांच्या बायकोने ही हकिगत अख्ख्या इमारतीत पसरवली. जिवंत बाईच्या सांत्वनाला आलेला माणूस म्हणून मी तिथं प्रसिद्ध आहे. पहिल्या मजल्यावरचे सुतार आले, मग त्यांचा जाडा भाऊ, मग वरच्या मजल्यावरची एक आजी, जिचं पार्लरमध्ये जाऊन बसणं आता गुडघ्यांमुळे होत नाही. तिच्या केसांना हात लावायच्या आधी मी जरा घाबरलो होतो, बायकांचे केस कापायची मला सवय नाही. पण तिला खांद्याशी सरळ रेघ हवी होती, आणि सरळ रेघ मला येते. बाईचं स्वयंपाकघर हे आमचं दुकान. ती बसल्या बसल्या सगळ्यांना सूचना देते, कोटवाले केर काढतात. तिचं प्लास्टर निघालं तेव्हा नवऱ्याची मान तिने ताबडतोब ताब्यात घेतली. मी त्यात पडत नाही. बाकीच्या माझ्याकडे आहेत.

परवा थांब्यावर उभा होतो तर भाच्याचा फोन आला.

"मामा, गिऱ्हाईकं विचारताहेत. कधी येताय? तुमची जागा मी कुणाला दिलेली नाही."

"देऊन टाक."

"म्हणजे?"

"म्हणजे त्या खुर्चीला चांगला कारागीर ठेव. तो जाडजूड मिशांचा पोरगा आहे ना, त्याचा हात हलका आहे."

"अहो, पण तुम्ही तिथं दिवसभर करता काय? ताई मागे सांगत होती, नुसते बसमधून फिरता म्हणे."

"फिरतो कुठं? कामाला जातो."

"कसल्या कामाला? मामा? कुणाकडे?"

वळणावरून बस येताना दिसली. मी हात केला. "आली रे गाडी," मी म्हणालो, "ठेवतो आता," आणि पिशवी सांभाळून चढलो.